"कोणाला सांगू नका!"

या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या सांगलीच्या वहिनी आठवत असतील. २०२३ च्या दिवाळी अंकात मी त्यांच्यावरच लिहिले होते. वहिनींनी गल्लीतल्या एका बाईकडे भिशी लावली, दरमहा दोन हजार रुपये इमानेइतबारे भरले आणि अकराव्या महिन्यात ती बाई सगळ्यांची भिशी पदराला बांधून परागंदा झाली, अशी ती हकीकत होती. "बाई गेली, पण जाताना माझे पापडाचे डबे परत देऊन गेली, म्हणजे तशी प्रामाणिकच," हे वहिनींचे वाक्य मी त्यात घातले होते. लेख आवडला. पुष्कळ पत्रे आली. एका गृहस्थांनी तर 'आपल्या वहिनींना आमचा साष्टांग नमस्कार' असे लिहिले. ते पत्र मी मोठ्या हौसेने वहिनींना फोनवर वाचून दाखवले. त्या हसल्या. निदान मला तरी तसे ऐकू आले.

आज त्याच वहिनींची दुसरी हकीकत सांगायची आहे. ती हसण्यासारखी नाही. आणि तिच्यात शहाणा कोण व वेडा कोण, हे शेवटी तुम्हीच ठरवायचे आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादा जाऊन सहा वर्षे झाली होती. वहिनींनी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले. मुलगा हैदराबादेत नोकरीला. सांगलीच्या घरात त्या एकट्या, सोबतीला पेन्शन, एक मुदतठेव आणि मुलाने घेऊन दिलेला मोबाइल.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. फोन वाजला. पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमच्या आधार कार्डावर मुंबईत एक खातं उघडलंय. त्यातून काळ्या पैशाचा व्यवहार झालाय. पोलिसांशी जोडून देतो." लगेच मोबाइलवर चित्र आले. खाकी गणवेशातला साहेब, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायलींचा ढीग. पाठोपाठ त्यांच्या नावाचा, शिक्का मारलेला अटकेचा हुकूमही मोबाइलवर येऊन पडला. साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही निर्दोष दिसता, म्हणून ठाण्यात ओढून नेत नाही. चौकशी संपेपर्यंत घरातच थांबायचं. फोनचा कॅमेरा बंद करायचा नाही. आणि हे कोणाला सांगायचं नाही. बाहेर फुटलं, तर तुमच्या मुलाचा पासपोर्ट जप्त होईल, नोकरी जाईल."

छत्तीस वर्षे जिच्या एका शब्दावर अख्खा वर्ग गप्प बसत होता ती बाई त्या साहेबाच्या एका शब्दावर दीड दिवस गप्प बसली. रात्री उशाशी फोन उभा करून त्या झोपल्या. झोपल्या कसल्या, पडून राहिल्या. बुधवारी साहेबाने उपाय सांगितला. ठेवीतला पैसा काळा आहे की पांढरा, हे रिझर्व्ह बँक तपासणार. त्यासाठी तो 'सरकारी खात्या'त पाठवायचा. तपासून झाला की दोन दिवसांत परत. वहिनी बँकेत गेल्या, ठेव मोडली आणि आरटीजीएसचा फॉर्म भरला. खिडकीवरच्या मुलीने विचारले, "आजी, एवढी रक्कम कशाला?" वहिनींनी पढवल्याप्रमाणे सांगितले, "दिरांच्या मुलीचं लग्न आहे."

म्हणजे माझ्या मुलीचे. माझी मुलगी अकरावीत आहे.

सहा लाख चाळीस हजार रुपये गेले. त्याच संध्याकाळी साहेबाचा फोन बंद झाला, आणि वहिनींना काय झाले ते कळून चुकले.

आता ऐका. कळून चुकले बुधवारी संध्याकाळी. मला कळले त्यानंतर अकरा दिवसांनी. तेही त्यांनी सांगितले म्हणून नव्हे. मी एका कामासाठी सांगलीला गेलो होतो. चहा झाला. चहात दूध बेताचेच होते. सकाळचे वर्तमानपत्र दिसेना. "बंद केलं, डोळ्यांना त्रास होतो," वहिनी म्हणाल्या. मी लेखकाची नजर असल्याचा आव आणणारा माणूस. पण तरीही काही कळले नाही. रात्री जेवताना त्यांच्या पानात नुसता भात आणि ताक पाहिले, तेव्हा विचारले. मग सगळे बाहेर आले.

मी पहिल्यांदा काय म्हणालो, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या! असं कसं केलंत?" आणि दुसऱ्यांदा म्हणालो, "अहो, मला त्याच दिवशी फोन नाही का करायचा?"

त्यावर वहिनी ताटाकडे बघत म्हणाल्या, "केला असता, भाऊजी. दोनदा हातात घेतला फोन. पण म्हटलं, तुम्ही लिहाल."

वाचकहो, तीस वर्षे लिहितो आहे. माझ्या लिखाणावर टीका पुष्कळ झाली. पण इतकी छोटी आणि इतकी जिव्हारी लागणारी टीका कोणी केली नव्हती.

त्याच रात्री १९३० हा क्रमांक फिरवला. सायबर ठकबाजीत पैसे गेल्यावर तक्रार देण्यासाठी सरकारने ठेवलेला हा देशभरचा क्रमांक. पलीकडच्या पोलीस बाईंनी नाव-गाव विचारले आणि मग विचारले, "पैसे कधी गेले?" मी म्हणालो, "अकरा दिवसांपूर्वी." त्या क्षणभर गप्प झाल्या. ओरडल्या नाहीत, की हसल्या नाहीत. त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली. पण ती क्षणभराची शांतता मला सगळे सांगून गेली.

ती शांतता का, हे नंतर एका जाणत्याने समजावून दिले. ठकाच्या खात्यात पडलेला पैसा तिथे मुक्कामाला राहत नाही. एका खात्यातून चार, चारांतून चाळीस खात्यांत तो फुटत जातो. कुठे एटीएममधून काढला जातो, कुठे आणखी पुढे जातो. १९३० वर तक्रार झाली, की ती त्या त्या बँकांपर्यंत धाडली जाते आणि जिथे पैसा अजून शिल्लक असेल तिथे तो अडकवता येतो. म्हणजे ही शर्यत आहे. पहिल्या तासात पळायला सुरुवात केली तर काही हाती लागण्याची आशा. अकरा दिवसांनी पळणे म्हणजे गाडी गेल्यावर फलाटावर शिट्टी वाजवणे. वहिनींच्या सहा लाख चाळीस हजारांपैकी एका खात्यात एक्केचाळीस हजार सापडले. तेवढे अडकले. बाकीचे गेले.

त्यांना बुधवारी संध्याकाळी बोलता आले असते तर? सगळे परत मिळाले असते, असे मी म्हणत नाही. पण ते अकरा दिवस ठकांनी चोरले नाहीत. ते मी चोरले.

त्यातून आणखी एक खंत. हा घरबसल्या अटकेचा प्रकार, ज्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात, मला माहीत नव्हता असे नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात'मध्ये त्यावर देशाला सावध केले होते; असली अटक कायद्यात नाहीच, हे स्पष्ट सांगितले होते. त्याच वर्षी लुधियानाच्या एका नामवंत उद्योगपतींना भामट्यांनी मोबाइलवर चक्क खोटे सर्वोच्च न्यायालय भरवून दाखवले आणि सात कोटी रुपये उकळले. ही कात्रणे मी कापून ठेवली होती. पुढेमागे सदराला विषय म्हणून. सांगलीला फोन करून चार वाक्यांत सांगावे, हे सुचले नाही. वाचकांसाठी जपून ठेवलेले शहाणपण घरच्या माणसाला द्यायचे राहून गेले.

तेव्हापासून मी या विषयाचा नाद घेतला आहे. ठकबाजी नवी नाही. १९२० साली अमेरिकेत बॉस्टन शहरी चार्ल्स पोंझी नावाच्या इसमाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देतो म्हणून लोकांच्या रांगा लावल्या. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांचा व्यापार करतो, असे तो सांगे. प्रत्यक्षात नव्या माणसाचे पैसे घ्यायचे आणि जुन्याला द्यायचे, एवढाच त्याचा धंदा. त्याच साली ऑगस्टमध्ये फुगा फुटला. आपल्याकडे त्याला दामदुप्पट म्हणतात. साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ साली आला. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. बेकायदा ठेवी घेण्यावर केंद्राने २०१९ साली बंदी घातली. तरीही दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी बंद दुकानासमोर पावत्या हातात घेतलेली माणसे उभी असतातच. कायदा चोराच्या मागून धावतो. आपण आपल्या दारात आधीपासून उभे असतो.

या सगळ्या तऱ्हांत मला तीन गोष्टी सारख्या दिसल्या. एक तर भीती किंवा लोभ. दोघांचे काम एकच, डोक्यातला विचार बंद पाडणे. दुसरी घाई : आत्ताच्या आत्ता, आज रात्री साडेनऊच्या आत, शेवटच्या तीन जागा. आणि तिसरी एकांत : कोणाला सांगू नका. पहिल्या दोहोंपासून माणूस एक वेळ सावरतो. तिसरी मात्र त्याला बुडवते. खोटा पोलीस म्हणतो, चौकशी गुप्त आहे. दामदुप्पटवाला म्हणतो, ही योजना ओळखीच्यांनाच आहे, बाहेर बोलू नका. इंटरनेटवर जडलेला प्रियकर म्हणतो, घरच्यांना आपलं प्रेम समजणार नाही. शब्द निराळे, वाक्य एकच. कारण ठकाला ठाऊक असते की हीच गोष्ट दुसऱ्या कानावर पडली, तर तो दुसरा माणूस बाहेरून बघणारा असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला ठक ओळखायला वेळ लागत नाही.

म्हणून आमच्या घराने काही नियम केले आहेत. तुम्हाला पटले तर घ्या.

पहिला : पैशाच्या बाबतीत जो 'कोणाला सांगू नका' म्हणेल, त्याचा फोन ठेवून तेच पहिल्या भेटणाऱ्या माणसाला सांगायचे. घरी कोणी नसेल तर शेजाऱ्याला, दूधवाल्याला, बँकेतल्या खिडकीवरच्या मुलीला. ती मुलगी भोचकपणा करत नव्हती. त्या दिवशी वहिनींसाठी उघडलेले ते शेवटचे दार होते.

दुसरा : खरा पोलीस मोबाइलवर अटक करत नाही आणि खरी बँक फोनवर गुप्त आकडा विचारत नाही. शंका आली तर फोन ठेवून आपण होऊन फोन करायचा. आणि तो क्रमांक पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या पाठीवरचा, समोरच्याने दिलेला नव्हे.

तिसरा : मोबाइलवरून पैसे देताना पिन लागतो, घेताना लागत नाही. 'तुमचे पैसे परत करतो, फक्त पिन टाका' असे जो म्हणतो तो देणारा नसून नेणारा आहे. आणि कोणी सांगितले म्हणून आपल्या मोबाइलवर एखादे अॅप उतरवून घेणे म्हणजे अनोळखी माणसाला तिजोरीसमोर खुर्ची टाकून देण्यासारखे आहे.

चौथा नियम तरुणांसाठी. ठकाला जसे सावज लागते, तशी लुटीचा पैसा फिरवायला खातीही लागतात. महिना चार-पाच हजार देतो, तुझे खाते वापरू दे, असे सांगणारे कॉलेजातल्या पोरांना गाठतात. पोराला वाटते, बसल्या जागी कमाई. उद्या पोलीस येतात ते मात्र त्या पोराच्या दारात, कारण खाते त्याच्या नावावर असते. वहिनींचे पैसे अशाच कुणाकुणाच्या खात्यांतून गेले असतील. माझ्या पुतण्यालाही हे बजावले आणि माझ्या मुलीलाही.

पाचवा : आवाजाची नक्कल करणारी यंत्रे आता आली आहेत. 'काका, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा' असा पुतण्याच्या आवाजात फोन आला, तरी घाबरायचे नाही. आम्ही घरात एक परवलीचा शब्द ठरवला आहे. तो विचारायचा. कोणता, ते इथे छापत नाही. तेवढे शहाणपण आता मला आले आहे.

सहावा आणि सर्वांत मोठा : आधी १९३०, मग बँक, मग पोलीस ठाणे, आणि उपदेश झालाच तर महिन्याभराने. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. बँकेला कळवण्यात दिवस घालवू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवून दिले, की ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी परस्पर पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर तोशीस नाही. आपण गुप्त आकडा देऊन बसलो असू, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरीही तोंड उघडण्याला किंमत आहे. वहिनींसारखे आपल्या सहीने पैसे पाठवलेल्यांना या परिपत्रकाचा आधार फारसा नाही. त्यांचा आधार तो पहिला तासच.

आता राहिलेले एक सांगतो. त्या रात्री १९३० ची तक्रार संपल्यावर आम्ही दोघे ओसरीवर बसलो होतो. वहिनी बोलेनात. धीर द्यायचे सगळे शब्द मला पोकळ वाटू लागले. शेवटी मी म्हणालो, "वहिनी, एक सांगू? २०२२ साली मला मोबाइलवर संदेश आला, वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार. मी दिलेल्या नंबरवर फोन केला. त्या माणसानं एक अॅप उतरवायला लावलं आणि दहा रुपये भरायला सांगितलं. दहा भरले, आणि अकरा हजार आठशे गेले."

वहिनींनी मान वर केली. "दहा रुपयांसाठी?"

"दहा रुपयांसाठी. आणि मी कोणालाच सांगितलं नाही. पोलिसांना नाही, बँकेला नाही, घरी तर नाहीच."

"म्हणजे माझ्या भिशीवर लिहिलंत तेव्हा..."

"तेव्हा माझे अकरा हजार आठशे जाऊन एक वर्ष झालं होतं."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग हसल्या. अकरा दिवसांत पहिल्यांदा. आणि या खेपेला ते हसणे मला नीट ऐकू आले. म्हणाल्या, "भाऊजी, तुमची बाई पापडाचे डबेसुद्धा परत देऊन गेली नाही की हो."

म्हणून माझी एक विनंती आहे. या दिवाळीत फराळाला घरची माणसे जमतील. चकलीचे ताट मध्ये आले की घरातल्या कर्त्या माणसाने आपण स्वतः कुठे फसलो, ती गोष्ट आधी सांगावी. दुसऱ्याची नव्हे, स्वतःची. ती ऐकून घरातल्या आजीला, सुनेला, कॉलेजातल्या पोराला कळेल, की या घरात फसल्याचे सांगितले तर हसणार नाहीत, निदान एकट्याला हसणार नाहीत. कुलपे, पासवर्ड, पिन सगळे आवश्यकच. पण ज्या घरात सांगायची सोय नाही, त्या घराची मागची खिडकी रात्रंदिवस उघडीच आहे.

हा लेख छापायला देण्यापूर्वी वहिनींना वाचून दाखवला. या वेळी आधी विचारले. त्यांनी दोन ठिकाणी आकडे दुरुस्त केले, एका ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि म्हणाल्या, "छापा. आमच्या गल्लीतल्या तिघींना अंक देणार आहे मी."

राहता राहिली आमची सौभाग्यवती. अकरा हजार आठशे रुपयांची गोष्ट तिला अजून ठाऊक नाही. अंक घरी येईल तेव्हा तीही तुमच्याबरोबरच वाचील. पुढले सदर वेळेवर आले नाही, तर वाचकांनी काय ते समजून घ्यावे.